शेकोटी, फुफाटा आणि लहान मुले

दिवाळीची आवराआवर संपून हवेत गारवा येऊ लागला, की हुबळीच्या गोकुळ रोड परिसरातील घराघरांतून सुटीचे बेत आखले जाऊ लागतात. औद्योगिक वसाहत, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मध्यवर्ती कार्यालय आणि पुढे विमानतळ, अशा वर्दळीच्या या रस्त्यालगतच्या वसाहतींत नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली कन्नड, मराठी व कोकणी भाषक कुटुंबे राहतात. त्यांना अरण्य फार दूर नाही. धारवाड-हल्याळ मार्गे सुमारे पंचाहत्तर किलोमीटर गेले, की दांडेली येते. काळी नदीचा काठ, उंच सागवान, बांबूची बेटे आणि तंबूंत राहण्याची सोय, एवढे सगळे दोन-अडीच तासांच्या अंतरावर मिळते. महाराष्ट्रातील कुटुंबे पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याला ज्या ओढीने जातात, त्याच ओढीने ही मंडळी दांडेली व गणेशगुडीकडे वळतात. रात्री तंबूंपुढे शेकोटी पेटते. पूर्वी ही शेकोटी बालवीर-वीरबाला पथकांच्या शिबिरांपुरती असे. आता ती कौटुंबिक सहलीचा जवळजवळ अनिवार्य भाग झाली आहे.

शेकोटीभोवतीच्या या आनंदाला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. घरी गॅसच्या शेगडीची निळी ज्योत तेवढी पाहिलेल्या शहरी मुलाने लाकडाचा जाळ पाहावा, त्याची ऊब घ्यावी, हे इष्टच आहे. तथापि चुलीच्या घरात वाढलेल्या मुलाला विस्तवाची जी ओळख रांगत्या वयापासून होत असे, ती या मुलाला नसते. त्याच्या पालकांपैकीही अनेकांना ती नसते. या अपुऱ्या ओळखीमुळेच मुले भाजतात, आणि ती बहुधा ज्या वेळी भाजतील असे वाटते त्या वेळी न भाजता भलत्याच वेळी भाजतात. त्याचा विचार येथे प्रामुख्याने करावयाचा आहे.

सकाळचा धोका

एखाद्या सहलीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दोन-तीन कुटुंबे एकत्र आली आहेत. रात्री अकरापर्यंत गाणी, भेंड्या, गप्पा झाल्या. जाळ पेटलेला असेपर्यंत प्रत्येक आईचे लक्ष आपल्या मुलाकडे होते. "पुढे जाऊ नकोस, भाजेल" हे वाक्य शंभर वेळा उच्चारले गेले. मग जाळ मंदावला, मुले पेंगुळली, कोणीतरी निखाऱ्यांवर चार पावडी माती किंवा वाळू लोटली आणि सर्व जण झोपावयास गेले. पहाटे दोन वर्षांचे मूल सर्वांच्या आधी उठते. तंबूबाहेर काल रात्री जेथे एवढी गंमत होती तेथे आता राखाडी मातीचा एक मऊ, निरुपद्रवी दिसणारा ढीग आहे. धूर नाही, ज्योत नाही, लाल रंगाचा ठिपकाही नाही. मूल अनवाणी त्याच्याकडे जाते, पाय टाकते, तोल जाऊन हातांवर पडते.

हे चित्र कल्पनेतील असले, तरी तशा घटना मात्र काल्पनिक नाहीत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात कुटुंबासह रानात तंबू ठोकून राहण्याची प्रथा फार रूढ आहे. तेथील ब्रिस्बेन शहरातील बालरुग्णालयाच्या शल्यचिकित्सकांनी शेकोटीने भाजून आलेल्या मुलांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात असे दिसून आले, की सुमारे तीन-चतुर्थांश मुले ज्वाळेने नव्हे, तर विझलेल्या समजल्या गेलेल्या शेकोटीच्या राखेने व निखाऱ्यांनी भाजली होती. याच चिकित्सकांनी शेकोट्या पेटवून व निरनिराळ्या रीतींनी विझवून त्यांचे तापमानही मोजले. पाण्याने विझविलेली शेकोटी दहा मिनिटांच्या आत बरीच निवाली. वाळूने झाकलेल्या शेकोटीत मात्र आठ तासांनंतरही, म्हणजे पूर्ण रात्र उलटल्यावरही, क्षणभराच्या स्पर्शाने बालकाची त्वचा खोलवर भाजेल इतकी उष्णता शिल्लक होती.

मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. आगपेटी जपून वापरण्याच्या काळात गावोगावच्या गृहिणी रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवीत आणि पहाटे राख बाजूस सारून, फुंकर घालून त्याच निखाऱ्यांवर नवा जाळ करीत. राख उष्णतेची मंदवाहक आहे. ती निखाऱ्यास हवा अगदी बेताची मिळू देते, म्हणून तो भडकत नाही. आणि आतील उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तो निवतही नाही. विस्तव राखण्याची जी युक्ती घरोघरी जाणीवपूर्वक वापरली जाई, तीच शेकोटीवर माती लोटणारा गृहस्थ अजाणता वापरीत असतो. आपण शेकोटी विझविली असे त्याला वाटते. वस्तुतः त्याने ती सकाळपर्यंत जपून ठेवलेली असते. "आगीतून फुफाट्यात" ही म्हण ज्या पिढ्यांनी रूढ केली, त्यांना फुफाट्याचे स्वरूप पुरते ठाऊक होते.

आपल्याकडे याच प्रकारचा धोका शेकोटीखेरीज आणखी दोन ठिकाणी आढळतो. पौष-माघात ज्वारीची कणसे कोवळी असताना शेतात हुरड्याचा बेत होतो. धारवाडकडे या कोवळ्या ज्वारीला 'सीतनी' म्हणतात, आणि शहरातील कुटुंबे त्यासाठी मुद्दाम ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात जातात. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करावयाचा आणि त्यात कणसे भाजावयाची, ही आगटीची रीत. गोवरीचा विस्तव लाकडाहून सावकाश जळतो आणि राखेआड दीर्घकाळ धुमसतो. त्यात आगटी जमिनीच्या पातळीच्या खाली असते, म्हणजे धावत येणाऱ्या मुलास ती ढीग म्हणूनही दिसत नाही. दुसरे ठिकाण होळीचे. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या निखाऱ्यांवर पाणी तापवून मुलांना स्नान घालण्याची आणि धुळवडीस राख अंगास लावण्याची चाल अनेक घरांत आहे. प्रथा पाळावयास हरकत नाही, परंतु पाणी तापवून आणण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि राख काठावरची, हाताने चाचपून थंड असल्याची खात्री केलेली तेवढी घ्यावी. वसाहतीच्या कोपऱ्यावरील होळीचा ढीग दोन-दोन दिवस तसाच पडून राहतो व मुले त्याभोवती खेळतात, हे दृश्य गोकुळ रोडवरच काय, कोणत्याही शहरात दिसते.

बालकाची त्वचा आणि बालकाचा स्वभाव

एकच निखारा प्रौढ माणसाच्या व बालकाच्या तळहातास सारखाच भाजेल, हा समज चुकीचा आहे. बालकाची त्वचा पातळ असते. साठ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्याने प्रौढाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. सत्तर अंशांस एक सेकंद पुरतो. बालकास याहूनही कमी वेळ लागतो. जळत्या निखाऱ्याचे तापमान पाचशे अंशांच्या वर असू शकते हे लक्षात घेतले, म्हणजे "हात लगेच मागे घेतला" या समाधानात फारसा अर्थ राहत नाही.

शिवाय नुकतेच चालू लागलेले मूल हात मागे घेतेच असे नाही. ते पडते तेव्हा हात पुढे करून पडते आणि त्याच्या शरीराचा सगळा भार तळहातांवर येतो. तो भार उचलून उभे राहावयास त्याला वेळ लागतो. वेदनेने व भीतीने ते जागच्या जागी थिजते. चमकणारी वस्तू उचलून मुठीत घट्ट धरण्याचीही त्याला सवय असते. म्हणूनच या वयातील शेकोटीच्या दुखापती मुख्यत्वे तळहात, बोटे व तळपाय यांना होतात. तळहात खोलवर भाजल्यास जखम भरताना कातडी आकसते आणि बोटे आत वळू लागतात. मूल वाढत असते, हाडे लांबत असतात, परंतु व्रणाची कातडी त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे एकदा केलेली शस्त्रक्रिया काही वर्षांनी पुन्हा करावी लागण्याचा संभव असतो. रात्री बोटे सरळ ठेवण्यासाठी बांधावयाची खपाटी, दाब देणारे हातमोजे, रोजचा व्यायाम, असा हा क्रम महिनोन्महिने चालतो. पेन्सिल धरावयास शिकण्याच्या वयात हे घडते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

तीन वर्षांखालील मुलास "या रेघेच्या आत येऊ नकोस" असे सांगणे हे त्या मुलाला सांगणे नसून स्वतःचे समाधान करून घेणे होय. या वयाचे मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर, कडेवर किंवा हात धरलेले असले पाहिजे. अन्य उपाय नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलांस मात्र रेघेचा नियम कळतो व पाळता येतो, विशेषतः ती रेघ खेळाच्या रूपाने दिसली तर. खो-खोच्या मैदानाची आखणी करतात त्याप्रमाणे शेकोटीच्या मध्यापासून दहा फुटांवर फक्कीचे वर्तुळ काढावे. वर्तुळाच्या आत फक्त शेकोटी सांभाळणारा माणूस जाईल, इतर कोणी नाही. आणि हा नियम काका, मामा, आजोबा यांनाही लागू राहील. मोठ्यांपैकी कोणी गंमत म्हणून रेघ ओलांडली, तर मुलांच्या दृष्टीने रेघ संपली.

पकडापकडी, लपंडाव हे खेळ जाळापासून दूर, निराळ्या जागी, पुरेशा उजेडात व्हावेत. प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या सहज उलटतात. मुलांना बसण्यासाठी सतरंजी उत्तम. जाळाकडे टक लावून पाहिल्यानंतर अंधारात पाऊल टाकणाऱ्या माणसास काही क्षण काहीच दिसत नाही, ही साधी गोष्ट मोठी माणसेदेखील विसरतात. तंबूच्या दोऱ्या व खुंट्या अशा वेळी पायांत येतात. तंबू शेकोटीपासून किमान पंधरा फूट दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगास असावेत. ठिणगी पडून तंबूचे कृत्रिम धाग्याचे कापड पाहता पाहता वितळते.

कपड्यांविषयी एक दक्षता घ्यावी. नायलॉन व तत्सम कृत्रिम धाग्यांचे कापड पेटताच वितळून कातडीस चिकटते. सैल सुती झगाही झपाट्याने पेट घेतो, हे विसरून चालणार नाही. अंगाबरोबर बसणारे सुती कपडे, वर लोकरीचा स्वेटर आणि पायांत बंद बूट, हा वेष थंडीसही योग्य आणि विस्तवाजवळही तुलनेने सुरक्षित. ओढणी, लोंबणारा मफलर, झालरीचा झगा शेकोटीपाशी नको. कपड्यांनी पेट घेतल्यास पळावयाचे नाही, थांबावयाचे, जमिनीवर आडवे व्हावयाचे, तोंड हातांनी झाकावयाचे आणि लोळावयाचे, हे मुलांकडून घरीच दोन-चार वेळा खेळ म्हणून करवून घ्यावे. भीतीच्या क्षणी माणूस नवे काही शिकत नाही. शिकलेले तेवढे करतो.

जागा, सरपण आणि विस्तव

शेकोटी कोठे पेटवावी हा प्रश्न मुलांच्या सुरक्षिततेइतकाच कायद्याचाही आहे. दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून झालेले क्षेत्र २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले आणि २०१५ पासून ते काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखले जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० अन्वये अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविण्यास वा पेटता सोडून जाण्यास मनाई आहे. माघ सरला, की पानगळीचा थर वाळून कोळ होतो व एका ठिणगीने टेकडीच्या टेकडी पेटू शकते. तेव्हा परवानगी असलेल्या निवासस्थानाच्या आवारात, ठरवून दिलेल्या जागीच शेकोटी व्हावी. तेथेही वारा सुटला असेल त्या रात्री ती नाकारण्याचे धैर्य यजमानाने व पाहुण्यांनी, दोघांनीही दाखवावे.

दांडेलीच्या परिसरात बांबू विपुल आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेली तेथील कागद गिरणी या बांबूच्या आधारावरच उभी राहिली. शेकोटीत मात्र बांबूचे अख्खे तुकडे टाकू नयेत. दोन पेरांमधील बंद पोकळीतील हवा व ओल तापून प्रसरण पावते आणि पेर मोठ्या आवाजाने फुटते. निखारे दूरवर उडतात. आवाजाची मजा वाटून मुले आणखी बांबू टाकण्याचा हट्ट धरतात. टाकावयाचाच, तर तो उभा चिरून टाकावा. नदीच्या पात्रातील गोटे शेकोटीभोवती मांडण्याची हौसही अशीच घातक ठरते, कारण त्यांच्या भेगांत पाणी असते व तापल्यावर त्यांचे टवके उडू शकतात. कोरड्या जागेतील दगड किंवा विटा घ्याव्यात. कण्हेरीच्या फांद्या सरपणास किंवा मका-पनीर भाजण्याच्या काड्यांस वापरू नयेत. ती विषारी आहे.

सरपण ओले असल्यामुळे जाळ धरत नाही, म्हणून दुचाकीतील पेट्रोल काढून ओतण्याचा प्रकार सर्रास होतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि मग ठिणगीपाशी नव्हे, तर पसरलेल्या सर्व जागेत एकदम भडका उडतो. धुमसत्या निखाऱ्यांवर ते ओतणे तर त्याहून भयंकर, कारण ज्वाला धारेवरून डब्यापर्यंत चढते. जंतुनाशक म्हणून हातांस चोळावयाचे मद्यार्कयुक्त द्रवही तसेच. त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. वाळलेली काटकी, नारळाची शेंडी, कापराची वडी, कागद यांनी शेकोटी पेटत नसेल, तर त्या रात्री ती पेटू नये हे उत्तम.

अलीकडे अनेक ठिकाणी जमिनीवर न पेटविता लोखंडी घमेल्यात किंवा कापलेल्या पिंपात शेकोटी करतात. त्याने जमीन व गवत वाचते, परंतु लोखंडाची कड तापून मुलांच्या बरोबर हाताच्या उंचीवर येते. तापलेले लोखंड काळेच दिसते. भाजावयाच्या लोखंडी सळया, निखाऱ्यात पुरलेली रताळी व बटाटे, यांबाबतही तेच. रताळे वरून कोमट व आतून वाफाळलेले असते. ते मोडून, निववून मगच मुलाच्या हाती द्यावे.

आणखी एक धोका शेकोटीजवळचा नाही, शेकोटीपासून दूर नेलेल्या विस्तवाचा आहे. रात्री थंडी वाढली म्हणून काही जण निखारे शेगडीत किंवा घमेल्यात घालून तंबूत अथवा खोलीत नेतात व दार लावून घेतात. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने ठसकाही लागत नाही. झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि बालके त्याला लवकर बळी पडतात. भाजल्याची जखम निदान दिसते व ओरडा होतो. येथे काहीच होत नाही. निखारा बंद जागेत नेऊ नये. पांघरुणे घरून आणखी दोन घ्यावीत.

राखणदार कोण

अपघात झालेल्या कुटुंबांत नंतर एकच वाक्य ऐकू येते: "आम्ही सगळेच तेथे होतो." सगळेच असतात तेव्हा पाहणारा बहुधा कोणीच नसतो. मुलाची आई समजते मावशी पाहते आहे, मावशी समजते बाबा पाहत आहेत. शिबिरांतून शेकोटीचा प्रमुख नेमण्याची जी शिस्त असते, ती कौटुंबिक सहलीतही आणणे अवघड नाही. शेकोटी पेटण्यापूर्वी एका प्रौढ व्यक्तीचे नाव मोठ्याने सांगावे. तासाभराने दुसऱ्याचे. त्या वेळेपुरता त्याने भ्रमणध्वनी खिशात ठेवावा. त्याने मद्यपान केलेले नसावे. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या त्याच्या हाताशी असाव्यात. या बादल्या मुलाच्या भाजलेल्या हातासाठीही लागू शकतात, म्हणून त्यांतील पाणी स्वच्छ असावे.

शेकोटी संपविण्याचे काम याच राखणदाराचे. निजावयाच्या वेळेपूर्वी अर्धा तास नवे लाकूड घालणे थांबवावे. मग पाणी सावकाश, कडेकडेने ओतावे, कारण एकदम ओतल्यास वाफ व राख तोंडावर येते. मुलांना त्या वेळी दूर पाठवावे. काठीने राख ढवळून तळचे निखारे वर आणावेत व पुन्हा पाणी घालावे. सूंऽऽ असा आवाज थांबेपर्यंत हे करीत राहावे. शेवटी हाताची पाठ राखेच्या वर धरून पाहावी. ऊब लागली, तर शेकोटी विझलेली नाही. माती किंवा वाळू टाकून हे काम उरकू नये. पाण्याचा तुटवडा असेल अशा ठिकाणी शेकोटीच नको. एवढे केल्यानंतरही त्या जागेभोवती काठ्या रोवून दोरी बांधावी किंवा चार खुर्च्या आडव्या ठेवाव्यात. सकाळी सर्वांच्या आधी उठणाऱ्या मुलास तेवढा अडसर पुरे होतो. तंबूंची निवासस्थाने चालविणाऱ्या व्यावसायिकांनी शेकोटीची जागा पक्की बांधून तिच्यावर रात्री जाळीचे झाकण घालावे आणि जवळ नळ द्यावा, ही अपेक्षा मोठी म्हणता येणार नाही. आरक्षणाच्या वेळी पोहण्याचा तलाव आहे काय असे विचारणाऱ्या पालकांनी हेही विचारावे.

भाजल्यास पहिली वीस मिनिटे

मूल भाजले, की गाडी काढून शहराकडे धाव घेण्याची ऊर्मी स्वाभाविक आहे. परंतु दांडेलीहून हुबळीचा प्रवास दोन तासांचा, आणि कातडीखाली गेलेली उष्णता या अवधीत आपले काम करीतच राहते. म्हणून गाडीआधी पाणी. भाजलेला भाग स्वच्छ, थंड, वाहत्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा. नळ नसेल तर तांब्याने सतत धार सोडावी. घड्याळ लावून वीस मिनिटे मोजावीत, कारण रडणाऱ्या मुलाजवळ पाच मिनिटेही तासासारखी वाटतात. काही कारणाने तत्काळ पाणी मिळाले नाही, तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत हा उपचार केल्यास त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. तो इजा वाढवितो. लहान बालकाचे सर्व अंग पाण्यात बुडवू नये, फक्त भाजलेला भाग निववावा व बाकीचे शरीर उबदार कपड्यांत गुंडाळावे.

याच वेळी मुलाच्या अंगावरील वाळे, मनगट्या, बिंदल्या, अंगठी, काळा दोरा काढून घ्यावा. भाजलेला भाग थोड्या वेळाने सुजतो आणि मग तो दागिना आवळून रक्तप्रवाह थांबवितो. भाजलेल्या जागेवरचे कपडे काढावेत, मात्र कातडीस चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नयेत. हळद, तूप, शाई, दंतमंजन, बटाट्याचा कीस, कोरफडीचा गर, यांपैकी काहीही लावू नये. आजीच्या मायेने लावलेला हळदीचा लेप रुग्णालयात खरवडून काढावा लागतो, कारण त्याखाली जखम किती खोल आहे हे वैद्यास दिसत नाही. आणि ते खरवडणे मुलास सोसावे लागते. धुतलेल्या स्वच्छ सुती कापडाने जखम सैलसर झाकावी, एवढे पुष्कळ.

दुखापत किरकोळ की गंभीर, हे रडण्यावरून ठरवू नये. वरवर भाजलेले फार झोंबते. खोल भाजलेल्या ठिकाणी वेदना जाणणारे मज्जातंतूच नष्ट झालेले असतात. ती जागा पांढुरकी, कोरडी किंवा काळपट दिसते आणि मूल आश्चर्यकारकरीत्या शांत होते. अशी शांतता हे गंभीर लक्षण समजावे. मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे एक टक्का असतो. या मापाने भाजलेला भाग मोजता येतो. दहा तळहातांएवढा भाग भाजला असल्यास शिरेतून द्रव देण्याची गरज भासते व विलंब जिवावर बेतू शकतो. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिये भाजली असल्यास, क्षेत्र कितीही लहान असो, रुग्णालय गाठावेच. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. नजीकच्या शासकीय रुग्णालयात प्रथमोपचार, वेदनाशामक व धनुर्वाताची लस यांची विचारणा करून पुढे जाणे श्रेयस्कर. हुबळीत विद्यानगर येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम अथवा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांत शेकोटीचा वाटा लहान आहे. स्वयंपाकघरातील उकळते पाणी, चहा व डाळ यांनी भाजणारी बालके कितीतरी अधिक. सहलीतदेखील शेकोटीवरच्या पातेल्यातील चहा सांडून मूल भाजणे अगदी सहज घडते, तेव्हा पातेले वर्तुळाच्या आत आणि कप मुलांच्या हातापासून दूर, हा नियम त्यालाही लावावा. मात्र शेकोटीची दुखापत ही जवळजवळ संपूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे, आणि तिला लागणारे साहित्य म्हणजे दोन बादल्या पाणी व एक जागा माणूस.

तंबूंच्या ठिकाणी पोहोचल्यावर एक काम सामान उतरविण्याच्याही आधी करावयाचे असते. आदल्या रात्री तेथे राहून गेलेल्या मंडळींनी आपली शेकोटी कशी विझविली हे नव्या पाहुण्यांस ठाऊक नसते, आणि दुपारच्या उन्हात राखेतून धूर निघत असला तरी तो दिसत नाही. आवाराच्या व्यवस्थापकास ती जागा विचारावी, तेथे जाऊन काठीने राख उकरून पाहावी, ऊब लागल्यास पाणी ओतावे, आणि मग मुलांना गाडीतून खाली उतरू द्यावे.